दिपमाला मॅडमचा सा

"जिन्यात आत्ता फोनवर कोण बोलत होतं?" विधीनं विचारलं.

दिपमाला दारात चपला काढत होती. तिनं उगाचच मागं वळून पाहिलं. जिना रिकामा होता. खाली विधीच्या वडिलांच्या गाडीवर ड्रायव्हर फडकं मारत होता, पण तो मुकाट्यानं मारत होता. "मीच," ती म्हणाली. "भावाचा फोन होता, धुळ्याहून." विधीनं डाव्या हातानं पेटीचा भाता हलवत उजव्या हाताचं बोट नेहमीच्या काळ्या पट्टीवर ठेवलं, मान हलवली, आणि एकेक पट्टी खाली उतरत एका ठिकाणी थांबली. "बोललात ते इथं होतं. काळी तीन. आणि मी तुम्हाला नवरात्रापासून काळी पाचमध्ये शिकवतेय." मग ती हसली, पण कामात चूक निघालेल्या माणसाचं हसणं होतं ते. "मॅडम, इतके दिवस माझ्याकडे शिकायला येतंय तरी कोण मग?" पोरीनं सहजच विचारलं असेल. तिशीही न गाठलेली, डाळमिलवाल्यांच्या घरातली लाडाची मुलगी, गाण्याची पदवी घेऊन आलेली. तिला वाकडं बोलणं ठाऊकच नव्हतं. दिपमालाला मात्र भर वर्गात आपलं काहीतरी उघडं पडल्यासारखं वाटलं. तिनं पर्स मांडीवर घेतली, बाजूला ठेवली, पुन्हा मांडीवर घेतली. आपण फोनवर नवलला काय म्हणालो ते तिला नीट आठवत होतं. ते ज्या आवाजात म्हणालो तो मात्र काही केल्या कानात येईना.

विधीची शिकवण्याची तऱ्हा जळगावात निराळी म्हणून सांगितली जाई. ती घोळक्याला शिकवत नसे. एका वेळी एक जण, आणि त्याला पहिल्या दिवशी गाऊच द्यायचं नाही. समोर बसवून नुसतं बोलायला लावायचं: काय जेवलात, घरी कोण कोण, रिक्षावाल्यानं किती पिडलं. आणि आपण पेटीवर बोट ठेवून त्या बोलण्याच्या मागं मागं हिंडायचं. माणूस बेसावध बोलतो तिथं आसपास त्याचा सा असतो, बाकीचं गाणं तिथून बेतायचं, असं तिचं म्हणणं. शिंप्यानं कापड फाडण्याआधी माप घ्यावं तसं. मग त्या पट्टीचा तानपुरा ती ज्याच्या त्याच्या फोनमध्ये भरून देई. पलटे, गाणी, श्वास घ्यायच्या जागा, सगळं त्या एका गळ्यापुरतं. पद्धत चोख होती. घोटाळा एवढाच की दिपमाला मॅडम परक्यासमोर कधी बेसावध बोलतच नसत. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारी बाई, गावातल्या निम्म्या कार्यक्रमांची निवेदिका. 'रसिकहो' ज्या आवाजात म्हणायचं त्याच आवाजात तिनं विधीला आज घरी मेथीची भाजी होती असं सांगितलं होतं. विधीचं बोट बिचारं त्या मेथीच्या भाजीमागं काळी पाचपर्यंत चढलं आणि माप तिथलं घेतलं गेलं.

आणि ती तेवढ्यावर थांबली असती तरी चाललं असतं. गाणं कशासाठी शिकायचंय, या प्रश्नालाही तिनं धडधडीत खोटं उत्तर दिलं होतं: संमेलनात एखादं भावगीत म्हणावंसं वाटतं. खरं कारण धुळ्याला देवपुरात, नवलच्या फ्लॅटच्या खिडकीशी खाटेवर बसलेलं होतं. गेल्या पावसाळ्यात मायला झटका आला. हात-पाय सावरले, तोंड थोडं वाकडं राहिलं, आणि बोलणं गेलं. ऐकू येत होतं, समजतही असावं, पण शब्द निघत नव्हता. माय, गावाची ताईबाई, म्हणजे एकेकाळी साऱ्या गावाचं तोंड. हळदीला तिला बोलावणं, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्याखाली तिला बोलावणं. तिला गाणं आठवावं लागत नसे, ते निघत असे. धुळ्याच्या डॉक्टरांनी बोलता बोलता सांगितलं की वाचा गेलेल्या काही माणसांना गाणं मात्र येतं, ओळखीचं गाणं कुणी शेजारी बसून म्हटलं तर त्यातून शब्द सुटतात. सुटतीलच असं नाही, करून बघा. बायको सरला शेजारीच होती, पण नवल लगेच बहिणीकडं वळला. "अक्का, तूच म्हन. सरलाले ते आखाजीनं गानं येत नही, तिना गावले नव्हतं ते. मले तर गयाच नही." दिपमालानं डोळे पुसत मान डोलावली होती. तिला तरी कुठं गळा होता? पण लेक तीच होती, आणि आपलं नाव मायच्या तोंडून पुन्हा एकदा ऐकायला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. दुसरं काही नाही. इतकं साधं कारण तिला त्या गुळगुळीत फरशीच्या खोलीत विधीला सांगता आलं नव्हतं, कारण ते सांगायचं तर गाणं अहिराणी आहे हे सांगावं लागलं असतं, आणि मग ते म्हणून दाखवावं लागलं असतं.

अहिराणीची तिला लाज वाटत होती असं कुणी म्हटलं असतं तर तिनं भांडण काढलं असतं. बोलीभाषांवर ती दरवर्षी वर्गात छान व्याख्यान देई. पण वसतिगृहात नवी नवी आली तेव्हा केळ्याला 'केय' आणि डोळ्याला 'डोया' म्हणाली, आणि खोलीतल्या मुली पोटं धरधरून हसल्या. तेव्हापासून आरशासमोर उभं राहून 'ळ' घोटताना तिनं आवाजही वर नेला होता. का नेला कोण जाणे. वरच्या आवाजात ळ नीट लागायचा, की वरच्या आवाजात आपण आपल्याला ओळखू यायचो नाही, हे तिला आज विचारलं तरी सांगता आलं नसतं. पुढं लग्न झालं सावद्याच्या घरात. नवऱ्याच्या, लीलाधरच्या घरची बोली पुन्हा वेगळी, पूर्वेकडची, केळीच्या बागांमधली. तिची त्याला हसू आणी, त्याची तिला. मग दोघंही शुद्ध मराठीत बोलू लागली, जशी काही तिसऱ्याच्या घरी पाहुणी आलेली. मुलगा तेजस त्या पाहुण्यांच्या भाषेत वाढला आणि आता पुण्याला शिकत होता. अहिराणी उरली फोनपुरती, नवलशी, तीही दार लावून किंवा जिन्यात. इतकी वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं. विधीनं एका प्रश्नात त्याचा पचका केला.

"कुणासाठी शिकताय, ते सांगा," विधी म्हणाली. आज तिचा आवाज जरा मास्तरणीचा होता. "मला चुकीचं माप दिलंत तर मी काय बेतणार?" आणि दिपमालानं सांगितलं, मायचं, झटक्याचं, डॉक्टरांचं. सांगताना ती संक्रांतीपर्यंत आली आणि तिथं अडली. संक्रांतीला ती तिळगूळ घेऊन धुळ्याला गेली होती. फोनवर काळी पाचचा तानपुरा लावून, मायच्या खाटेसमोर खुर्ची घेऊन, घोटून घेतलेल्या आवाजात तिनं तेच आखाजीचं गाणं म्हटलं होतं. सूर लागले होते. नवल तोंडात बोट घालून ऐकत होता, शेजारची बाई दारात येऊन उभी राहिली होती. आणि मायनं सगळं गाणं शांतपणे ऐकून घेतलं, दोन्ही हात जुळवले, आणि लेकीला नमस्कार केला. देवळात कीर्तन संपल्यावर बुवांना करतात तसा. मग नवलकडे बघून डोळ्यांनीच खुणावलं, बाईंना चहा दे म्हणून. दिपमाला तो चहा प्याली होती. परतीच्या बसमध्ये, पारोळा गेल्यावर, तिला रडू फुटलं, आणि शेजारच्या म्हातारीनं तिला बस लागली असं समजून लिंबू दिलं. हे सगळं विधीला सांगताना ती निवेदन केल्यासारखं नीटनेटकं सांगत होती, आणि तिचं तिलाच ते ऐकवत नव्हतं.

त्या दिवसापासून सगळा बेत बदलला. विधीनं फोनमधला तानपुरा काढून टाकला आणि काळी तीनचा भरून दिला. पलटे बंद केले. म्हणाली, गाऊ नका, नवलभाऊंशी बोलता तसं बोला, मी सूर धरते. आणि गाण्याचे शब्द सांगा. दिपमालानं मान खाली घालून शब्द सांगितले. ते गाणं म्हणजे खरं तर एक खेळ. आखाजीला माहेरी आलेल्या मुली निंबाच्या झोक्यावर बसत, आणि खाली उभी असलेली बाई एकेकीचं नाव घेऊन म्हणे, अमकी उनी वं आखाजीले. मग झोक्यावरच्या त्या मुलीनं उत्तर द्यायचं, उनी वं माय, उनी. आली गं आई, आली. एवढंच. मग दुसरीचं नाव. खाली उभी असायची ती ताईबाई, आणि आपलं नाव येईपर्यंत दिपमाला दोराला धरून श्वास रोखून बसायची. विधीला ते फार आवडलं. "इतकं सोपं गाणं तुम्ही काळी पाचमध्ये म्हणत होतात?" ती म्हणाली, आणि मग जीभ चावून, "सॉरी मॅडम, ती पट्टी मीच बसवून दिली होती."

सोपं म्हणे! विधीच्या जैन घरी सूर्य मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नसत, म्हणून शिकवणीच्या शेवटाला ती उठून आत जेवायला जाई आणि दिपमालाला सांगे, मी येईपर्यंत म्हणत राहा. ती एकटेपणाची वेळ दिपमालाला नको नको होई. समोरच्या गच्चीवर पापड वाळत, खालून दुचाक्यांचे हॉर्न, आणि फोनमधून तो खालचा सूर. तोंड उघडलं की एक आवाज बाहेर येई, जाडसर, थोडा खरखरीत, शेतातून हाक मारल्यासारखा. तो कुणाचा? तिचा, असं विधी म्हणते. पण तिला त्यात माय ऐकू येई, कधी गावातल्या दुसऱ्याच बाया, कधी नवलसुद्धा. ती मध्येच थांबून घसा खाकरी आणि वरच्या आवाजात एखादं वाक्य म्हणून बघे, 'आजच्या कार्यक्रमाच्या अध्यक्षस्थानी', म्हणजे तो आवाज जागेवर आहे की नाही ते कळावं. तो असे. पण आता तोही नेसवलेला वाटे. मग खरा कुठला? दोन्ही खोटे असतील आणि तिसराच कुठंतरी असेल, आणि तो ऐकायची वेळच आली नसेल, तर? असले प्रश्न तिला आधी कधी पडले नव्हते. पन्नाशीच्या उंबऱ्यावर माणसानं गुडघ्यांचा विचार करावा, हे काय भलतंच!

कॉलेजच्या बक्षीस समारंभात तिनं 'नमस्कार' म्हटलं आणि माइकवाल्यानं लांबून हात हलवला, आवाज जाड येतोय मॅडम. ती दचकली, वर गेली, फार वर गेली; पाहुण्यांच्या परिचयात चिरकली. पुढच्या रांगेतल्या दोन मुली एकमेकींकडे बघून हसल्या. घरी लीलाधरनं विचारलं, "घसा बसलाय का तुझा? हळद-दूध घे." पाईपच्या कारखान्यातून दमून आलेला माणूस, त्याच्या परीनं काळजीनंच म्हणाला. तिनं त्याला विचारलं, "माझा आवाज तुला कसा वाटतो?" तो म्हणाला, "म्हणजे? आवाजासारखा." तिला हसू आलं आणि भयंकर रागही आला. संसाराची इतकी वर्षं याच आवाजाशी झाली आणि त्याला सांगण्यासारखं काही नाही! मग वाटलं, त्यानं तरी काय सांगावं, तो पाहुण्याच्या आवाजाशी बोलत आला. आणि आपण त्याचा कधी ऐकला? सावद्याला गेल्यावर भावांमध्ये बसून तो कसा हसतो ते तिला ठाऊक होतं. घरी तो तसा हसत नसे. ही गोष्ट तिला आजवर खटकली नव्हती, आणि आता खटकली तर झोप येईना.

आखाजीच्या आधल्या शिकवणीला विधीनं पेटी वाजवलीच नाही. नुसती समोर बसून राहिली आणि दिपमालाला सगळं गाणं म्हणू दिलं. संपल्यावर तिनं पेटी बाजूला सारली. "मला हे शिकवता येण्यासारखं नाही मॅडम," मग ती म्हणाली. "म्हणजे सूर बरोबर आहे. पण बरोबर आहे म्हणून मी कशाला म्हणायचं ते मला कळत नाहीये. तुम्हाला कसं वाटतंय?" दिपमाला म्हणाली, "मला कुणीतरी दुसरीच म्हणतेय असं वाटतं." विधी गोंधळली. तिच्या पद्धतीत या उत्तराला जागा नव्हती. "आधीच्या पट्टीत असं वाटायचं?" "नाही. तिथं मीच म्हणत असायचे. पण मायला मी ओळखू आले नाही ना." आतून विधीला जेवायची हाक आली. जाताना तिनं वाकून दिपमालाच्या पायांना हात लावला. गुरूनं शिष्येच्या पाया पडावं, हा काय उलटा कारभार, म्हणून दिपमाला मागं सरकली. पण विधीला वयानं मोठ्या बाईच्या पाया पडायचं एवढंच माहीत होतं.

आखाजीला धुळं तापलं होतं. देवपुरातल्या गल्लीत कुणीतरी गेटच्या लोखंडी कमानीला साडीचा झोका बांधला होता आणि पोरी आळीपाळीनं बसत होत्या, गाणी मोबाइलवर लावून. सरलानं सांजोऱ्या तळल्या होत्या. तिचे हात पिठानं भरलेले, पदर खोचलेला, तोंड भट्टीसारखं तापलेलं. पावसाळ्यापासून मायचं आंघोळ-पांघरूण, भरवणं, पुसणं, सगळं तीच करत होती. आणि दिवसभर मायशी बोलतही होती, उत्तर येणार नाही हे माहीत असून. "आत्याबाई, दखा कोन उनं! मुंडी वर करा थोडी," ती आताही म्हणाली. माय खिडकीशीच होती. दिपमालाकडे तिनं बघितलं. ओळखल्यासारखं बघितलं, की आलेल्या बाईकडे बघतात तसं बघितलं? दिपमालाला ठरवता येईना. तिनं खुर्ची बाजूला सारली आणि खाली फरशीवर, खाटेच्या पायाशी बसली. तानपुरा लावला नाही.

तिनं सुरुवात केली ती गाणं म्हणून नाही. "माय, आखाजी उनी वं," असं म्हणाली आणि बोलता बोलताच सुरात गेली. स्वतःचंच नाव घेऊन म्हणायचं तिला अवघड वाटलं, म्हणून लहानपणीच्या मैत्रिणींची नावं घेतली, एकामागून एक, आणि प्रत्येकीचं उत्तरही आपणच दिलं. आवाज खरखरीत होता. मध्येच फाटला. नवल दाराशी उकिडवा बसला होता. मायनं मान वळवली नाही. ती खिडकीकडेच बघत होती, पण तिची बोटं चादरीवर हलू लागली, आणि मग ओठ. आधी नुसती हवा. मग घशातून काहीतरी, ताक घुसळताना रवी अडकावी तसं. दिपमालानं नावं घ्यायची थांबवली आणि फक्त चाल गुणगुणत राहिली, कारण आता नाव मायनं घ्यायचं होतं. घे, माय. घे ना. मी इथं खाली बसलेय.

माय गायली. वाकड्या तोंडानं, अर्धं-मुर्धं, पण गायली. "सरला उनी वं," ती म्हणाली, "सरला उनी वं आखाजीले."

नवल "माय!" म्हणून ओरडला आणि तोंडावर हात दाबून हमसाहमशी रडू लागला. स्वयंपाकघरातून सरला धावत आली, पिठाचे हात तसेच पुढं धरून. तिनं सासूकडे बघितलं, नणंदेकडे बघितलं, आणि तिचा चेहरा आनंदानं नि शरमेनं एकदम कसनुसा झाला. दिपमालाचं गुणगुणणं थांबलं. म्हणजे हा आवाज मायनं ओळखला होता. रोज कानाशी बोलणारा, भरवणारा आवाज म्हणून ओळखला होता. वरच्या आवाजात ती परकी होती, खालच्या आवाजात ती सरला होती, आणि दिपमाला म्हणून मायला हाक मारायला तिच्याकडे आवाजच नव्हता. तिला हे अन्यायाचं वाटलं, मग न्यायाचंही वाटलं, आणि दोन्ही एकदम वाटल्यानं नुसतं रडायला यायला लागलं. मायनं आता मान वळवली होती. ती खाली, तिच्याकडेच बघत होती. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत कुणाची तरी वाट होती. उत्तर आल्याशिवाय पुढची ओळ म्हणता येत नाही. उत्तर न आल्यामुळे वाकडे ओठ पुन्हा मिटायला लागले होते.

"आत्याबाई, मी नही वं," सरला पुढं होऊन म्हणाली, "या तं आपल्या अक्का शेतंस, तुमनी..."

दिपमालानं घाईनं हात वर करून तिला थांबवलं.

"उनी वं माय," ती म्हणाली, "उनी."